मातीआधीचे तास

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातली किल्लारी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान नोंदली गेली. जगाच्या मानाने हा काही महाकाय धक्का नव्हता. पण त्याचे केंद्र जमिनीखाली फारसे खोल नव्हते आणि वर माळवदाची घरे होती. दगड-चिखलाच्या दोन-दोन फुटी भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर पावसाळ्यागणिक चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. औसा आणि उमरगा तालुक्यांच्या पट्ट्यात पन्नासच्या वर गावे भुईसपाट झाली.

मृतांचा आकडा आजही दोन तऱ्हांनी छापला जातो. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासांत तो ७,९२८ असतो, अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ९,७४८. अठराशेहून अधिक माणसांची ही तफावत आहे. जिथे प्रेतांची एकेक करून नोंद घ्यायला उसंत मिळत नाही, तिथे आकडे असे फाटतातच.

आणि किल्लारीत उसंत नव्हतीच. जवान आणि गावकरी मिळून ढिगारे उपसत होते, त्यातच पाऊस लागला. सरपण आणायचे कुठून? पडक्या घरांच्याच तुळया-दारे ओढून चिता रचल्या गेल्या आणि एकेका चितेवर अनेकांना एकत्र अग्नी दिला गेला. ज्यांनी ओळख पटवायची तेच ढिगाऱ्याखाली होते. पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेली माणसे गावी पोचेपर्यंत कित्येकांच्या घरच्यांची माती उरकलेली होती. घाई करण्यामागे एक भीती सगळ्यांच्या मनात होती: प्रेते पडून राहिली तर रोगराई पसरेल. ही भीती कितपत खरी होती, ते पुढे पाहू. आधी एक साधा प्रश्न. मृत्यू आणि माती यांच्या मधल्या तासांत शरीराचे काय होते, ते तास वाढवता येतात का, आणि वाढवायचे झाल्यास ते काम कोणाचे?

अमेरिकेत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. तिथे मृतदेह टिकवणे हा रीतसर धंदा आहे. त्याचे शिक्षण, परीक्षा, परवाना, सगळे आहे. आपल्याकडे मात्र हे काम कोणाचेच नाही, किंवा दुसऱ्याच कुणाच्या नोकरीत शेवटची ओळ म्हणून घुसडलेले आहे.

श्वास थांबला म्हणजे सगळे एकदम थांबत नाही. पेशींचा प्राणवायू तुटतो, पण पेशींतले पाचक रस शिल्लक असतात. ते आता पेशींनाच आतून विरघळवू लागतात. दुसरीकडे आतड्यांत आयुष्यभर वस्ती करून असलेल्या जिवाणूंना आवर घालणारी यंत्रणा बंद पडते. ते वाढतात, रक्तवाहिन्यांच्या वाटेने पसरतात आणि वायू तयार करतात. पोट फुगते ते त्यामुळे. शवविच्छेदन करणारे डॉक्टर सर्वांत आधी पोटाच्या उजव्या खालच्या भागाकडे पाहतात. तिथे मोठ्या आतड्याची सुरुवात असते, जिवाणू दाटीने असतात आणि हिरवट डाग बहुधा तिथेच पहिल्यांदा उमटतो. उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात, हिवाळ्यात दीड-दोन दिवसांत. एरवी मृत शरीर तासागणिक गार होत जाते; पण लातूरच्या मे महिन्यात बाहेरच बेचाळीस अंश असतील तर ते गार व्हायचे कशाने?

याच काळात स्नायू आखडतात. स्नायू सैल व्हायला लागणारी ऊर्जा संपलेली असते, म्हणून ते आहे त्या स्थितीत अडकून पडतात. सुरुवात जबडा आणि मानेकडून होते, दहा-बारा तासांत सारे शरीर ताठते, आणि पुढे कुजण्याची क्रिया वाढली की ताठरपणा आपोआप उतरतो.

गावातली जाणती माणसे हे पुस्तक वाचून शिकलेली नाहीत, पण ती काय करतात ते आठवून पाहा. जीव गेला की लगेच डोळे मिटवतात. फडक्याने जबडा बांधतात. पायांचे अंगठे एकत्र बांधतात, हातपाय सरळ करतात, नाकात कापूस घालतात. अमेरिकेतल्या परवानाधारक एम्बामरच्या, म्हणजे मृतदेह टिकवणाऱ्याच्या, कामाची सुरुवातही अशीच होते: चेहरा आणि अवयव हवे तसे बसवून घेणे, शरीर ताठण्याआधी. किल्लारीच्या परिसरात लिंगायत समाज मोठा आहे. त्यांच्यात मृताला मांडी घालून बसवतात, विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, मिरवत नेतात आणि बसलेल्या स्थितीतच समाधी देतात. बसवायला उशीर झाला तर काय अडचण होईल हे वेगळे सांगायला नको. ताठलेल्या गुडघ्यांना रीतिरिवाज कळत नाहीत. हे कसब घराघरांतून, बहुतेक वेळा त्याच दोन-चार थोरांच्या हातून चालत आले आहे, आणि त्याला कसब म्हणायचे असते हेही आपल्याला सुचलेले नाही.

या तासांना ताणायचा सर्वांत साधा उपाय गारवा. शवागाराचे तापमान दोन ते चार अंशांवर ठेवतात. तेवढ्यात जिवाणू मरत नाहीत, फक्त मंदावतात. आता तालुक्याच्या गावांत भाड्याने मिळणारी काचेच्या झाकणाची शीतपेटी हे शवागाराचेच घरगुती रूप आहे. पुण्याहून मुलगा, हैदराबादहून लेक यायची असेल तर रात्रभर तिच्यात ठेवतात, सकाळी माती. पूर्वी बर्फाच्या लाद्या आणत. लाद्यांचा तोटा असा की बर्फ वितळतो, ते पाणी अंगाला लागते, आणि ओल्या कातडीवर कुजण्याला उलट हातभारच लागतो. शीतपेटीचा स्वतःचा एकच शत्रू आहे, भारनियमन. पेटी मागवताना जनरेटर आहे का हे विचारणाऱ्या माणसाला कुणी भावनाशून्य म्हणू नये.

गारवा पुरत नाही तो अंतर वाढले की. विमानाच्या सामानकक्षातून मृतदेह न्यायचा तर विमान कंपनी एम्बामिंगचा दाखला मागते. मृत्यूचा दाखला, पोलिसांचे ना-हरकत पत्र आणि पेटी घट्ट बंद केल्याचा दाखलाही लागतो. वेळेला घरच्यांना एम्बामिंग म्हणजे नेमके काय हे माहीत नसते. त्यामुळे ते कसे करतात हे सांगायला हवे.

मानेतली किंवा जांघेतली मोठी धमनी लहानशा छेदातून उघडी करतात आणि तिच्यात नळी बसवतात. त्या नळीतून पंपाने, किंवा उंचावर टांगलेल्या टाकीतून नुसत्या उतारावर, औषधी द्रव शरीरात सोडतात. हृदय थांबलेले असले तरी रक्तवाहिन्यांचे जाळे शाबूत असते. जिथे रक्त जात होते तिथे आता द्रव पोचतो. शेजारची शीर उघडी ठेवली तर रक्त बाहेर पडायला वाट मिळते. मधूनमधून हातपाय चोळतात, म्हणजे बोटांच्या टोकांपर्यंत द्रव सरकतो. द्रव सगळीकडे पोचला की कातडी किंचित घट्ट लागते, आणि द्रवात थोडा रंग मिसळलेला असेल तर चेहऱ्यावरचा फिकटपणाही कमी होतो. छाती आणि पोटाच्या पोकळ्यांत धमन्यांतून पुरेसे औषध जात नाही, म्हणून तिथे लांब पोकळ सुईने आतला द्रव ओढून वेगळे औषध सोडतात. एका मोठ्या माणसासाठी दहा लिटरच्या आसपास द्रव लागतो, आणि काम नीट करायचे तर दीड-दोन तास.

द्रवाचा मुख्य घटक फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातले ३७ ते ४० टक्के द्रावण. सोबत अल्कोहोल, ग्लिसरिन, फिनॉल असे पदार्थ असतात. ग्लिसरिन कातडी कोरडी पडू देत नाही. फॉर्माल्डिहाइडचे रेणू अगदी लहान असतात. ते प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये शिरून दोन साखळ्यांना एकमेकींशी पक्के सांधतात. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसेच काहीसे इथे उष्णतेशिवाय घडते. असे सांधलेले प्रथिन पाचक रसांना तोडता येत नाही आणि जिवाणूंना खाता येत नाही. शिवाय जिवाणू स्वतःही त्यात मरतात. अंत्यविधीपुरता सौम्य द्रव वापरला तर शरीर काही दिवस, आठवडाभर चांगले राहते. वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनासाठी तीव्र द्रव वापरतात, तेव्हा तेच शरीर वर्षानुवर्षे टिकते.

हा फॉर्मेलिन टिकवणाऱ्याला मात्र मानवत नाही. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, हे तर पहिल्या दिवसापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण मानल्या गेलेल्या पहिल्या गटात टाकले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००९ साली अंत्यविधी व्यवसायातल्या मृत कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी अधिक वर्षे एम्बामिंग केले होते त्यांच्यात रक्ताच्या एका कर्करोगाने मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले. आता आपल्याकडे हे काम करतो कोण? बहुतेक ठिकाणी शरीररचनाशास्त्र विभागाचा शिक्षक आणि त्याच्या हाताखालचा डिसेक्शन हॉलचा परिचर. प्रत्यक्ष हात बुडवणारा बहुधा परिचरच. त्याला कोणत्या प्रतीचे हातमोजे मिळतात, खोलीत हवा बाहेर खेचणारा पंखा चालू आहे का, हे कुठल्याही वर्तमानपत्राने कधी विचारलेले माझ्या पाहण्यात नाही.

लातूर-नांदेड भागात आता हे काम होऊ शकेल अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे, धाराशिवचे २०२२ चे. शरीररचनाशास्त्र विभाग आहे तिथे फॉर्मेलिन आणि पंप असतोच, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला मृतदेह लागतात. ते मिळण्याची कायदेशीर वाट १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने घालून दिली: बेवारस मृतदेह, आणि स्वेच्छेने दान केलेले देह. पूर्वी भिस्त पहिल्या प्रकारावर होती. देहदानाची चळवळ वाढली तशी दुसऱ्याकडे झुकली. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाच्या देहाने दिल्लीतल्या मुलांना शरीररचना शिकवावी, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांत सांगण्यासारखी आहे.

धमनीतून औषध सोडण्याची पद्धत अठराव्या शतकातली. लंडनचा शल्यविशारद विल्यम हंटर याने ती पक्की केली. पण तिचा धंदा झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. उत्तरेकडच्या घरांना दक्षिणेत पडलेली मुले परत हवी होती, रेल्वे होती, पण उन्हाळ्यात प्रेत तेवढा प्रवास काढीना. थॉमस होम्स आणि त्याच्यासारख्या डॉक्टरांनी युद्धभूमीजवळच दुकाने मांडली. तेव्हाच्या द्रवांत आर्सेनिकसारखी विषे असत. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचा मृतदेह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत सुमारे सतराशे मैल रेल्वेने नेला, वाटेत गावोगावी लोकांनी दर्शन घेतले, आणि एम्बामिंग म्हणजे काय हे अमेरिकेला डोळ्यांनी कळले. फॉर्माल्डिहाइड रसायनशास्त्रज्ञांच्या हाती १८६० च्या दशकातच आले होते, पण ऊती टिकवण्यासाठी त्याचा वापर १८९० च्या दशकात सुरू झाला, आणि मग आर्सेनिक मागे पडले.

लिंकन यांच्या त्या प्रवासानंतर पाच वर्षांनी एक मराठी राजा परदेशात वारला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला गेले. वय जेमतेम वीस. मृतदेह कोल्हापूरला नेण्याचा विचार कुणी केला असता तरी वाट आठवड्यांची होती. सोबतच्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन केले. त्या जागी उभारलेले स्मारक आजही आहे. उलट दिशेचा प्रवास आनंदीबाई जोशी यांचा. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी अमेरिकेत पुकीप्सीला, त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत नेऊन ठेवल्या गेल्या. दहनाची रीत असलेल्या समाजाला अंतराचे कोडे असे सुटते: शरीर जिथे पडले तिथे अग्नी द्या, अस्थी घरी न्या. परदेशात मृत्यू झाल्यास आजही हा मार्ग सर्वांत सोपा आणि कमी खर्चाचा आहे. तरी घरचे लोक बहुधा तो घेत नाहीत. चेहरा पाहिल्याशिवाय आईची खात्री पटत नाही, आणि आईला कोणी तर्क सांगू नये.

एम्बामिंग हा शब्द मराठी घरांत पोचला तो २०१८ च्या फेब्रुवारीत. अभिनेत्री श्रीदेवी २४ तारखेला दुबईत वारल्या, तिथल्या सरकारी वकिलांनी चौकशी संपवून परवानगी देईपर्यंत तीन दिवस गेले, मग एम्बामिंग झाले, २७ ला रात्री देह मुंबईत आला आणि २८ ला अंत्यसंस्कार झाले. तीन दिवस वाहिन्यांवर दुबईच्या एम्बामिंग केंद्राचे दार दिसत होते. त्या दारातून आखातात मजुरी करणारे किती भारतीय असेच पेटीत बाहेर पडतात, त्यांच्यासाठी कॅमेरे येत नाहीत. मराठवाड्यातल्या कुटुंबाला मुंबईपेक्षा हैदराबादचा विमानतळ पुष्कळदा जवळ पडतो. तिथून पुढे रुग्णवाहिका. परदेशातून देह किंवा अस्थी आणण्यासाठी लागणारी आरोग्य खात्याची मंजुरी आता ऑनलाइन मिळते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ई-केअर नावाचे पोर्टल त्यासाठीच सुरू केले.

एक ताकीद इथेच. मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा अचानक असेल तर शवविच्छेदनाआधी एम्बामिंग होता कामा नये. फॉर्मेलिनमुळे काही विषांचे पुरावे पुसले जातात, द्रवातल्या अल्कोहोलमुळे तपासणीचे निकाल बिघडतात, आणि फॉर्माल्डिहाइड डीएनएचेही तुकडे करते. एकदा द्रव आत गेला की ती तपासणी पुन्हा मिळत नाही. घाईत असलेला नातेवाईक आणि देह पाठवण्याचे काम घेणारा नवखा एजंट यांच्या जोडीकडून ही चूक सहज होते.

आता पुन्हा १९९३ कडे. किल्लारीत एम्बामिंग शक्य होते का? हिशेब करू. आठ हजार देह, प्रत्येकी दहा लिटर, म्हणजे ऐंशी हजार लिटर द्रव. प्रत्येकी दोन तास धरले तर सोळा हजार तास; दहा पथके रात्रंदिवस राबली तरी दोन महिन्यांहून जास्त. तोवर शरीर थांबत नाही. उष्ण हवेत बारा ते अठ्ठेचाळीस तासांत चेहरा ओळखू येईनासा होतो. शिवाय चिरडलेल्या देहांत रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात, सोडलेले औषध अर्ध्या वाटेत गळून जाते. म्हणजे मोठ्या आपत्तीत एम्बामिंगचा उपयोग जवळपास शून्य. ज्यांना वाटते की जास्त डॉक्टर आणि जास्त औषधे पोचली असती तर प्रश्न सुटला असता, त्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

पण मग घाईने सामूहिक दहन हाच उपाय उरतो का? नाही. आणि इथे रोगराईच्या भीतीचा समाचार घ्यायला हवा. भूकंपात मेलेला माणूस घाव बसून किंवा गुदमरून मेलेला असतो. तो पटकीने किंवा प्लेगने मेलेला नसतो. ज्याच्या अंगात साथीचा रोग नव्हता, त्याच्या प्रेतातून साथ कशी निघेल? कुजण्याचे काम करणारे जिवाणू वेगळे, साथीचे वेगळे. नैसर्गिक आपत्तीतल्या मृतदेहांमुळे साथ पसरल्याची उदाहरणे अभ्यासकांनी शोधली आणि ती सापडली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना, तिची अमेरिका खंडातली शाखा आणि रेड क्रॉस यांनी २००६ साली आपत्तीतल्या मृतदेहांविषयी जी छोटी मार्गदर्शिका काढली, तिच्या पहिल्याच पानांत हे सांगितले आहे. देह हाताळणाऱ्यांना थोडा धोका असतो, कारण मृतांत काहींना क्षय, कावीळ किंवा पोटाचे संसर्ग असतात; पण त्यावर उपाय हातमोजे, बूट आणि साबण. देह विहिरी-ओढ्यांपासून दूर ठेवायचे, एवढी काळजी पुरते. दुर्गंधी असह्य असते हे खरे. पण दुर्गंधी म्हणजे रोग, ही समजूत पाश्चात्त्य वैद्यकानेही एकोणिसाव्या शतकात सोडून दिली.

चुना टाकण्याचेही असेच. प्रेतांवर चुना टाकला की ती लवकर जिरतात आणि जंतू मरतात, असे आपण धरून चालतो. ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी डुकरांचे मृतदेह चुन्यासह आणि चुन्याशिवाय पुरून पाहिले, तेव्हा चुन्याने कुजणे उलट लांबवलेले दिसले. गोव्याच्या वाचकाला याचे फार नवल वाटू नये: सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यापाशी वारले, तेव्हा मांस लवकर झडून अस्थी नेता याव्यात म्हणून त्यांना चुन्यातच पुरले होते, काही महिन्यांनी उकरले तर देह शाबूत. श्रद्धाळू त्याला चमत्कार मानतात. चुन्याचाही त्यात काही वाटा असावा, एवढेच माझे मत.

मग करायचे काय? मार्गदर्शिकेतले उत्तर कंटाळवाणे वाटेल इतके साधे आहे. प्रत्येक देहाला एक क्रमांक, पाण्याने न पुसणाऱ्या चिठ्ठीवर, देहाला आणि त्याच्या पिशवीला दोन्हीकडे बांधलेला. त्या क्रमांकासह चेहऱ्याचा, पूर्ण अंगाचा, कपड्यांचा आणि खुणांचा फोटो, शक्य तितक्या लवकर. मंगळसूत्र, आंगठी, खिशातला कागद त्याच क्रमांकाने वेगळा जपलेला. मिळाल्यास कोरडा बर्फ, देहांच्या भोवती, अंगावर नाही. आणि तोही नसेल तर जमीन: दीड मीटर खोल, पिण्याच्या पाण्यापासून दोनशे मीटर दूर, एका थरात, दोन देहांत चाळीस सेंटिमीटर अंतर ठेवून तात्पुरते पुरणे. जमिनीखाली गारवा असतो, माश्या नसतात, म्हणून मातीखालचा देह उघड्यावरच्या देहापेक्षा कितीतरी सावकाश बदलतो. नातेवाईक आले, ओळख पटली की काढा आणि ज्याच्या-त्याच्या रीतीने दहन करा, दफन करा, समाधी द्या. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडने पाच हजारांहून अधिक मृतांच्या बाबतीत कोरडा बर्फ आणि तात्पुरते दफन दोन्ही वापरले, आणि महिनोन्‌महिने दात, बोटांचे ठसे, डीएनए यांवरून ओळख पटवत राहिले. केदारनाथच्या २०१३ च्या पुरात देह तिथेच दहन करावे लागले, पण त्याआधी डीएनएचे नमुने घेतले गेले. किल्लारीच्या वेळी खिशात कॅमेरा नव्हता, डीएनए तपासणी आपल्या देशात नुकती पाय रोवत होती. त्यामुळे १९९३ च्या माणसांना आजच्या मापाने तोलणे अन्यायाचे होईल. पावसात, उपाशीपोटी, स्वतःचे माणूस गमावलेल्या लोकांनी दुसऱ्यांच्या माणसांना अग्नी दिला, हे लहान काम नाही.

ओळख का हवी, हा प्रश्न भावनेपुरता नाही. प्रेत ओळखले गेले नाही तर मृत्यूचा दाखला अडतो. दाखला अडला की सात-बारावरचे नाव, विमा, पेन्शन, मदतीचा धनादेश, विधवेचा हक्क, सगळे अडते. बेपत्ता माणूस मृत मानायला एरवी सात वर्षे वाट पाहावी लागते. मोठ्या आपत्तीत सरकार खास आदेश काढून ही मुदत टाळते, पण तो आदेश निघेपर्यंत घरचे लोक कचेरीच्या पायऱ्या झिजवत असतात. एका चिठ्ठीवरचा क्रमांक आणि एक फोटो यांनी यातले बरेच वाचते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली मृतांच्या व्यवस्थेवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ओळख, नोंद, साठवण आणि धर्मरीतीप्रमाणे विल्हेवाट या सगळ्यांचा विचार आहे. सूचना चांगल्या आहेत. अडचण अशी की क्रमांक कोण बांधणार हे कागदावर कोणा माणसाच्या नावापुढे लिहिलेले नसेल, तर त्या पहाटे कोणीच बांधत नाही. जिवंतांना बाहेर काढणाऱ्या पथकाकडून हे काम होणार नाही आणि होऊही नये. मृतांसाठी दुसरे चार माणसांचे पथक लागते: एक लिहिणारा, एक फोटो काढणारा, दोघे उचलणारे. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, कोणालाही अर्ध्या दिवसात शिकवता येईल असे हे काम आहे.

घरच्या मृत्यूत मात्र फार विचार करायची गरज नाही. माणूस गावातच गेला आणि यायचे ते उद्या सकाळपर्यंत पोचणार असतील तर शीतपेटी पुरते. एम्बामिंगचा खर्च करू नका, कोणी भरीस घातले तरी. मृत्यू दूर शहरात झाला आणि विमानाने आणायचे असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र किंवा न्यायवैद्यक विभागात चौकशी करा, एजंटाकडे नंतर जा. देहदान करायचे ठरवले असेल तर विभागाचा फोन घरात दिसेल असा लिहून ठेवा. नेत्रदानासाठी तर सहाच तास हातात असतात.

आणि एक काम सर्वांसाठी. येत्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या गावाच्या आपत्ती आराखड्यात मृतांची नोंद करणाऱ्या माणसाचे नाव आणि फोन क्रमांक लिहिला आहे का? नसेल तर तिथेच लिहून घ्या.